पाणकावळ्याचा डोळा

तिसरा शनिवार. एलिसेओ पुन्हा त्याच दुकानात उभा.
डावीकडे टॅबलेट, उजवीकडे लॅपटॉप,
आणि मधे हा, चाळीस वर्षं जहाजांचं वायरिंग केलेला माणूस,
तळ्यात, मळ्यात.

मी दाराजवळच्या बाकावर, मांडीवर बटाट्यांची पिशवी.
पुंता अरेनासचा वारा काचेला धडका देतोय.
कुणी आत आलं की किमतीच्या चिठ्ठ्या
माना वर करून बघतात.

यास्ना, दुकानातली पोरगी, कंटाळत नाही.
"टॅबलेट घ्या, सेन्योर. पेन टेकवा,
नको ती दोरी पुसली जाते, आभाळ उजळतं,
बॅटरी दिवसभर."
मग स्वतःच म्हणते,
"पण चौदा हजार फोटो म्हणता, ते मावायचे कुठे?
त्यापेक्षा लॅपटॉप."

चौदा हजार. त्यातले बारा तरी पाणकावळ्यांचेच,
जुन्या धक्क्याच्या मोडक्या खांबांवर दाटीनं बसलेले,
सगळे वाऱ्याकडे तोंड करून,
पेन्शनच्या रांगेत असल्यासारखे.
हा निवृत्त झाला तेव्हा वाटलं होतं, आता छप्पर दुरुस्त होईल.
यानं कॅमेरा घेतला.

तो पेन हातात धरतो.
पंखाच्या कडेनं रेघ ओढायची, एवढंच.
रेघ पंख सोडून समुद्रात जाते.
यास्ना पटकन दुसरीकडे बघते.
मी बघत राहते.
केसाएवढी तांब्याची तार सोलणारा हात तो.
पहिल्यांदा कधी थरथरला, तेही मला माहीत आहे:
मार्चमध्ये, साखर ढवळताना.
आम्ही दोघांनी चमच्याला दोष दिला.

"माऊसच बरा," तो म्हणतो, चमच्याच्याच आवाजात.

पण लॅपटॉपला टेबल लागतं,
आणि आमच्याकडे टेबल एकच, भिंतीला चिकटलेलं.
त्यावर मी पावाचं पीठ मळते.
टॅबलेट आला तर हा शेगडीपाशी बसेल, माझ्या शेजारी.
लॅपटॉप आला तर तोंड भिंतीकडे, पाठ मला.
हे मी बोलले नाही.
हातचं राखलं.

मग यास्नानं एकच फोटो दोन्हीकडे लावला.
तोच पक्षी, तोच डोळा, भोवती निळं कडं.
टॅबलेटवर ते निळं नव्या बादलीसारखं.
लॅपटॉपवर विटलेलं,
याच्या जुन्या डांगरीसारखं, धुवून धुवून.
"यातलं खरं कुठलं?" एलिसेओनं विचारलं.
यास्नाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आम्ही धक्क्याकडे निघालो.
कोपऱ्यावर बांधलेल्या दोराला धरून रस्ता ओलांडला,
पिशवीचा एक बंद त्याच्याकडे, एक माझ्याकडे,
मधे बटाटे.
पाणकावळे होते. डोळे मात्र लांबून
तिळाएवढे, काळे.
आणि कॅमेरा घरी.
उभे राहिलो. कान बधिर झाले.
मग जवळच्या खांबावरच्या एकानं मान वळवली.
"दिसलं?"
"दिसलं."
घरी पोचेपर्यंत त्यावरून भांडलो.
तो म्हणे बादली, मी म्हणे डांगरी.

सोमवारी लॅपटॉप आला.
तो पिशव्या उलगडत होता तेवढ्यात मी टेबल ओढलं,
भिंतीपासून सोडवून खोलीच्या मधोमध आणलं.
फरशीवर चार जागा निघाल्या, कधीच न पुसलेल्या.
तो काही म्हणाला नाही. खुर्ची फिरवून घेतली.

आता तो त्या बाजूला, मी या बाजूला,
मधे पडद्याची पाठ, तिच्यावर माझी पिठाची बोटं.
"नेलिदा, निळं जास्त झालं का गं?"
मी हात न पुसताच वळसा घालून जाते,
वाकून बघते,
म्हणते, अजून थोडं कमी कर.

तो कमी करतो. मग हळूच, मी वळल्यावर,
पुन्हा थोडं वाढवतो.
छपराचं विचारायचं राहून जातं.